पोस्टातला नमुना

पनवेलच्या पोस्टात ते मला सलग तीन सोमवारी दिसले. पन्नाशीचे, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारे. हातात सुतळीने बांधलेला खोका. आत खाडीतले दोन वाळवलेले खेकडे होते. जपानमधले एक संशोधक देशोदेशींचे खेकडे ताडून पाहत होते आणि त्यांना इथले हवे होते, असे या प्राध्यापकांनीच रांगेत सांगितले.

"खोक्यावरच्या फॉर्मवर 'सॅम्पल' लिहिलंय. म्हणजे व्यापारी माल. निर्यातीचा परवाना आणा," कारकून तिसऱ्यांदा म्हणाला.

"अहो, विकायचं नाहीये! नमुना आहे, नमुना!"

"तो दिसतोच आहे समोर." रांग हसली.

ते हसले नाहीत. "भराव सुरू झालाय. परवाना येईपर्यंत खाडी बुजलेली असेल. त्यांना आणखी खेकडे लागले तर आणू कुठून?"

"मग 'भेट' लिहा, सर. आत्ता शिक्का मारतो."

"तीस वर्षांत लेबलावर खोटा शब्द लिहिला नाही मी."

मागून कोणी ओरडले, "लिवा की मास्तर! आमी काय हितं मुक्काम करू?"

मलाही घाई होती. त्यांनी 'सॅम्पल' खोडले, 'भेट' लिहिले. शिक्का बसला. मग संशोधकांना वेगळे धाडायचे पत्र माझ्या शेजारीच उघडून त्यांनी तळाशी इंग्रजीत एक ओळ वाढवली: खोक्यावरचा शब्द चुकीचा आहे, खेकड्यांच्या लेबलांवरची माहिती बरोबर आहे.