खेकडा निर्दोष आहे

समस्त गावकऱ्यांना कळविण्यात येते की, आमच्या शेताच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, भोक पाडल्याचा जो आरोप गेली तीस वर्षे एका खेकड्यावर आहे, तो मी पूर्ण शुद्धीत मागे घेत आहे. खेकडा निर्दोष आहे. भोक मी पाडलं होतं.

तलावाच्या पाण्याची पाळी तेव्हा शेजाऱ्याची होती. त्याची बांधी, म्हणजे धानाचं खाचर, वर; आमची खाली. मधल्या धुऱ्यात मी काठी खुपसली, त्याचं पाणी आमच्या धानात उतरवलं आणि भोकाच्या तोंडाशी एक जिवंत खेकडा सोडून दिला. सकाळी शेजाऱ्यानं खेकड्यालाच आईबहिणीवरून शिव्या घातल्या.

मग काय! प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला शेजाऱ्याच्या माघारी माझा प्रयोग. दोन बोटांच्या नांग्या करून मी मांडवभर आडवा चालायचो. कोणी तरी विचारायचंच, "लाज नाही वाटली का रे?" मी छाती काढून म्हणायचो, "तलावाचं पानी का त्याच्या बापाचं होतं?" की पुन्हा हशा. माझा धाकटा भाऊ पहिल्या रांगेत असायचा.

हा भाऊ माझ्या अगदी उलट. गावानं तलावाच्या गेटची चावी त्याच्याकडे दिली होती. बारा वर्षं त्यानं सगळ्यांच्या पाळ्या सांभाळल्या. स्वतःच्या बांधीला घटकाभर पाणी जास्त घेतलं नाही.

गेल्या साली धानाची रोवणी झाली आणि पावसानं दडी मारली. त्याची पाळी चार दिवसांवर होती, धान पिवळं पडत होतं. वरच्या बांधीत नुकतंच पाणी भरलेलं. शेजारी आता राहिला नाही, त्याची बायको, आमची काकी, एकटीच शेती पाहते. भावानं धुऱ्यात काठी खुपसली. खेकडा पकडणं मात्र त्याला कधी जमलं नव्हतं. म्हणून त्यानं तो सिहोऱ्याच्या बाजारातून विकत आणून भोकाशी ठेवला. बाजारातले खेकडे पिशवीत चावू नयेत म्हणून विकणारी बाई त्यांच्या नांग्या मोडूनच देते.

काकीनं खेकडा तळहातावर घेऊन चारचौघांना दाखवला. "याले तं नांग्याच नाही! मंग यानं का चमच्यानं खोदलं?"

हे मी लग्नात सांगितलं असतं तर हशानं मांडव कोसळला असता. तिथं कोणी हसलं नाही. काकीची बांधी कोरडी पडली होती आणि पाणी भावाच्या धानात उभं होतं.

भोक पाडायला तो कुठंही शिकला असता. माझ्याकडून तो शिकला ते वेगळंच: लाज वाटायच्या जागी म्हणायचं एक तयार वाक्य, आणि त्यानंतर लोक पाठ थोपटतात हा भरवसा. तीस वर्षांपूर्वी त्या साली शेजाऱ्याच्या बांधीला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. तेवढं मी गोष्टीतून वगळत आलो. तिथं हशा मिळाला नसता.

संध्याकाळी तलावाच्या काठावर माणसं जमली. "काहून केलं बा असं?" एका म्हाताऱ्यानं विचारलं. भाऊ म्हणाला, "तलावाचं पानी का तिच्या बापाचं होतं?" शब्द माझे, थांबण्याची जागासुद्धा माझी. थांबून त्यानं सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं. त्यानं कमरेची चावी सोडून काकीच्या पायाशी ठेवली, आणि माझ्याकडे वळून एकदम बोलून गेला,

"दादा, तू सांगतस तं सारे हासतेत. आता काहून कोनी हासून नाही राहिलं?"