मटक्यावरची चुन्याची रेघ

दिवाळीनंतरच्या मंडईच्या, म्हणजे गावजत्रांच्या, हंगामात गावोगावचा पाहुणचार घेऊनही माणसाला आपले वजन संक्रांतीपर्यंत जसेच्या तसे राखता येते काय, या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी मी हे लिहायला घेतले. उत्तर माझे नाही. ते एका शिंगाडे तोडणाऱ्या माणसाचे आहे. पाण्यातून काठावर आला की तो आपल्या मटक्यावर तळहाताची एक चापट मारी आणि म्हणे, "मटका खोटं नाही बोलत, गुरुजी."

स्वातंत्र्यानंतरची ती पहिली वर्षे. तिरोड्याच्या अलीकडच्या एका खेड्यात मी शाळामास्तर होतो. शाळेमागे कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधलेला तलाव होता आणि कार्तिकापासून पौषापर्यंत त्यावर शिंगाड्याच्या वेली पसरलेल्या असत. वेलींत डोंगा, म्हणजे लहान होडी, घातली तर त्या तुटतात. म्हणून तोडणारा दोन मोठी मटकी बांबूला बांधतो, त्यांची तोंडे राळ लावलेल्या फडक्याने बंद करतो आणि मधल्या बांबूवर घोड्यावर बसावे तसा बसून हाताने पाणी मारत सरकतो. माणूस जड झाला की मटकी खोल जातात आणि वेली त्यांना अडकून तुटतात. यावर ढिवरांच्या, म्हणजे तलावावर पोट भरणाऱ्या मासेमारांच्या, पंचांचा नियम सरळ होता: जो जड झाला, त्याने वेलींचा वाटा सोडावा.

आमच्या या शिंगाडेवाल्याची चाळिशी उलटली होती. तरणा पुतण्या वाट्यावर डोळा ठेवून होता. बांधावर बसून दुसऱ्याला आपल्या वेलीत हात घालताना पाहणे, ही कल्पनाच याला सहन होत नसे. म्हणून दर दिवाळीनंतर पहिल्या दिवशी मटक्यांवर बसल्यावर पाणी जिथवर येई, तिथे तो राळेत चुना कालवून एक पांढरी रेघ ओढी. हंगाम संपेपर्यंत ती रेघ बुडू द्यायची नाही, एवढाच त्याचा पण.

आता हा पण किती कठीण, ते पाहा. भाऊबीज झाली की आमच्याकडे मंडया सुरू होतात. आज या गावची, उद्या त्या गावची. घरोघर सोयरे, चुलीवर सुवाऱ्या म्हणजे पुऱ्या, गोड बोंडे, अनारसे. तिथे "नको" म्हणणे म्हणजे त्या घराचा अपमान. हा मात्र घरून वाटीभर उकडलेले शिंगाडे खाऊन निघे, बैलबंडीत न बसता पायी जाई, पायीच परते आणि एका घरी एकच जिन्नस घेई.

"काऊन गा, आमच्या घरचं गोड नाही का?" एका यजमानाने माझ्यादेखत त्याला टोचले.

"गोड हाये, म्हनून तं एकच खाऊन राहिलो. कडू असतं तं दोन खाल्ले असते."

परतताना त्याने माझ्या कोटाकडे पाहिले. "गुरुजी, तुमचं बटन काजाले भेटून नाही राहिलं."

थंडीने कापड आटले असावे, असे मी म्हणालो.

"कापड आटते. पोट नाही आटत."

फक्त बहिणीच्या दारी त्याची परीक्षा होई. ती अनारशांची परडी पुढे ठेवी. तो एकच उचली. एकदा ती भडकली, "माह्या हातचं खात नाहीस, मंग येतोस कायले?"

"तुले पाहाले येतो, बाई. अनारसे पाहाले नाही." असे म्हणून त्याने हातातला अनारसा मोडला आणि अर्धा तिच्याच तोंडात घातला. ती रडतही होती आणि चावतही होती.

एका वर्षी मात्र विपरीत घडले. शेवटची मंडई आटोपली आणि तो पाण्यावर बसला, तर रेघ दोन बोटे पाण्याखाली! काठावर हशा उसळला.

"काय गा, सुवाऱ्या दिसून राहिल्या पान्याखाली!"

पंच शांतपणे म्हणाले, "आमी काही म्हनत नाही. तूच म्हनतोस ना, मटका खोटं नाही बोलत? सोड मंग वाटा."

तो कमरेइतक्या पाण्यात उभा राहिला. चेहरा काळाठिक्कर पडला होता, पण मान खाली गेली नाही. "नाही खाल्लं. वाटा सोडत नाही. आज मटकाच खोटं बोलून राहिला."

सगळे पुन्हा हसले. मी हसलो नाही, कारण माझ्याजवळ पुरावा होता. दिवाळीच्या सुटीनंतर वर्गाला तराजू शिकवताना मी धानाचा मोठा काटा शाळेपुढच्या चिंचेला टांगला होता आणि एका पारड्यात त्यालाच बसवले होते. दुसऱ्या पारड्यातले दगड पोत्यात बांधून शाळेच्या कोपऱ्यात ठेवले होते.

पोते आणले, काटा पुन्हा टांगला. ओल्या धोतराचे वजन धरू नये म्हणून मी त्याला पहिल्या वजनाच्या वेळचेच धोतर कोरडे नेसायला लावले. तो पारड्यात मांडी घालून बसला आणि पंचांकडे पाहत राहिला. दांडी दोनदा हलली, मग आडवी सरळ थांबली.

"मंग रेघ कशी बुडाली?" पंचांनी विचारले.

त्याने मटक्याचे फडके फाडले आणि मटके पंचांच्या पायांशी उपडे केले. भळभळ पाणी सांडले. मटकी नीट भाजलेली नव्हती. दोन महिन्यांत पाणी आत झिरपले होते.

"पाहा! यानं पानी पेलं, आन् नाव माह्यं!"

त्या दिवसापासून चापट मारल्यावर तो एक वाक्य जास्त बोले: "मटका खोटं नाही बोलत. पन तो पेला का नाही, ते पाहा लागते."

तो वाटा त्याने शेवटपर्यंत सोडला नाही. पुढे एका श्रावणात तापाने गेला. त्या वर्षी पुतण्या काकाच्या शेवटच्या, पक्क्या भाजलेल्या मटक्यांवर बसला आणि पाणी जुन्या रेघेच्या बरेच वर चढले. पुतण्याने तिथे स्वतःची रेघ ओढली. काकाची पुसली नाही. हंगामभर ती पाण्याखालीच राहिली.

"तुमचा मटका तं कमरेलेच बांधला हाये," असे माझ्या करदोट्याकडे बोट दाखवून तो शिंगाडेवाला एकदा मला म्हणाला होता. तेव्हापासून मी भाऊबिजेला करदोट्याची गाठ मारतो आणि संक्रांतीपर्यंत सैल करत नाही. माझ्यापुरते उत्तर "होय" असे आहे. आपण माझ्यावर विसंबू नये. कमरेला एक सुती दोरा बांधून स्वतः पडताळून पाहावे, आणि निकाल लावण्यापूर्वी दोरा कोरडा आहे ना, तेवढे पाहून घ्यावे.