फाटकंही चालेल

"आणि मला विचारलंस कधी?" मास्तरने कात्री टेबलावर ठेवली. विचारायचं काय त्यात, लेक म्हणाली, तू नाही म्हणाली नसतीसच.

तेच तर दुखणं होतं. घराची पुढची खोली हेच तिचं शिवणाचं दुकान, म्हणून बाई असूनही गल्लीत सगळे तिला मास्तर म्हणत. नणंदेचे पडदे, शेजारणीचे अभ्रे, दिराच्या पँटची चेन, सगळं "जरा हात फिरव ना" म्हणत यायचं आणि फुकटात जायचं. वर नवरा म्हणायचा, तुला काय, अर्ध्या तासाचं काम.

समुद्रापलीकडच्या देशात भूकंप झाला आणि लेकीच्या कॉलेजातल्या मुलांनी आपण होऊन कपडे गोळा करायचं ठरवलं, तेव्हा मास्तरलाही बरं वाटलं होतं. पण लेकीने दारोदार सांगून ठेवलं, फाटकंही चालेल, माझी आई शिवून देईल. मग काय, लोकांनी कपाटंच झाडून घेतली. काखेत उसवलेले शर्ट, एका बाहीचा स्वेटर, कुणाचा तरी पोहण्याचा पोशाख. शनिवारी ट्रक येणार होता. शनिवारीच इस्पितळातल्या नर्सांचे गणवेशही द्यायचे होते. ते चुकले तर पुढचं काम तयार कपड्यांच्या दुकानाला जाणार, असं इस्पितळाने बजावलं होतं. आणि गणवेशांचं कापड त्या ढिगाखाली कुठेतरी गाडलं गेलं होतं.

"हलवायाच्या घरावर तुळशीपत्र," सासूबाई आतून म्हणाल्या.

लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिकडे माणसं थंडीत उघड्यावर झोपलीत आणि तुला गणवेशांचं पडलंय, म्हणाली. नवऱ्याने समजूत घातली ती बायकोची. पोरांनी चांगलं काम अंगावर घेतलंय, घाल की चार टाके.

सवयीने मास्तरचा हात पुढे गेला, ढिगातला एक फ्रॉक उचलला, दोरा ओवला. मागची शिवण धरली तर कापड बोटांतच विरलं. जरा आत टाका घातला, तिथेही फाटलं. ठिगळ लावायचं तर लावणार कशाला? बराच वेळ झटापट करून तिने तो फ्रॉक लेकीसमोर धरला.

"तुझ्या मैत्रिणीच्या धाकट्या बहिणीला देशील हा?"

लेकीने तो हातात घेतला, तिचं बोट शिवणीतून आरपार गेलं.

"घर पडलंय गं तिकडच्यांचं. लाज नाही गेलेली."

नवरा काहीतरी म्हणणार होता, पण तिने सुई टाचण्यांच्या उशीत खोचली आणि उठली.

"धड आहे ते ट्रकमधून जाईल. फाटक्यातलं एकही मी शिवणार नाही. उद्या सकाळी तुझी मुलं बोलाव आणि ज्याचं त्याच्या दारात परत देऊन या."

परत कसं द्यायचं, लोक काय म्हणतील, लेकीने विचारलं.

"म्हणतील ते ऐकून घ्यायचं. कबूल तू केलंस." मग ती नवऱ्याकडे वळली. "शनिवारपर्यंत मी मशीनवरून उठणार नाही. स्वयंपाकाचं तुम्ही बघा."