पत्र्यावरचा पंजा

हे मी आजवर बायकोलाही बोललो नाही. त्या गाडीचा पत्रा सुटणार, हे मला आधीच माहीत होतं.

बीडमध्ये माझं गाड्यांच्या बॉडीचं वर्कशॉप आहे. एका फळवाल्या मित्राच्या टेम्पोवर मी बंद डबा बांधत होतो. रिव्हेटच्या भोकांतून पाणी झिरपतं, म्हणून आतल्या लोखंडी पत्र्यावर बाहेरचा ॲल्युमिनियमचा पत्रा गमानं चिकटवायचा होता. या कामात पत्रा घासून थिनरनं पुसला की त्याला बोट लावायचं नाही, तेलकट जागी गम धरत नाही. पण ती खंडेनवमी होती. सकाळी हत्यारांच्या पूजेत मी तेलात कालवलेल्या हळदीचा पंजा त्या पत्र्यावरही उमटवला होता. आमच्याकडं पूजेची खूण कुणी पुसत नाही. ती राहावी आणि दिसूही नये, म्हणून पंजा सोडून बाकीचा पत्रा पुसला, ती बाजू आत घेतली आणि चिकटवून टाकला.

दसऱ्याला सकाळी नाण्यानं पत्रा वाजवत गेलो. धरलेला जोड टणटण बोलतो, न धरलेला बद्द. पुढच्या कडेला आवाज बसला. कुठवर बसतो ते खडूनं आखत गेलो, आणि रेघ रेघेला मिळाली तेव्हा पाच बोटं झाली होती.

"कावून वाजवायलास बे? टरबूज हाय का त्ये?" मित्र मागं येऊन उभा होता.

मी बाहीनं खडू पुसला.

"पिकलंय का मग?"

"पिकलंय," मी म्हणालो.

"मंग दे की. सीताफळं थांबायची न्हाईत."

गाडी दिली. पुढं ती वर्कशॉपवरून गेली की रस्त्याच्या गलक्यातही मला तेवढाच बद्द आवाज ऐकू यायचा.

उन्हाळ्यात मांजरसुंब्याच्या घाटात वारं त्या कडेत शिरलं आणि पत्रा उडाला. मागून मोटरसायकलवर मित्राचा धाकटा भाऊ येत होता. पत्रा लागलेला त्याचा गुडघा आता वाकत नाही.

पत्रा माझ्याकडंच आला. त्याच्यावर सगळीकडं गमाच्या खपल्या होत्या. पुढच्या कडेला मात्र तो पंजा गुळगुळीत, पिवळा, तळहाताच्या रेषांसकट. मी हात ठेवला. नेमका बसला.

"माझंच चुकलं. उतारावर लई पळवली," मित्र म्हणाला. मी मान डोलावली.

तो अजून तेच म्हणतो, भावाच्या देखत. गाडी पळवल्यानं झालं नाही, माझ्या पंजानं झालं, आणि ते मला माहीत होतं. एवढं त्या दोघांना सांगायचं माझ्याकडं राहिलं आहे.