पोचा पडलेली परात

जवळ असतीस ना मुक्ते, तर कान धरला असता तुझा. “बिबट्या दिसला तर दादाला पुढं पाठवा,” असं कसं म्हणालीस काल फोनवर?

आज परात घासताना तिचा पोचा हाताला लागला आणि निफाडचा आमचा ऊस आठवला. आत बिबट्या गुरगुरत होता. सासरे म्हणाले, “बायांनो, घरात व्हा. गडी बघतील.” तुझे आजोबा काठी घेऊन निघाले. विशीचं पोर, ओठ पांढरे पडलेले. मी कणकेच्या हातानंच परात उचलली आणि बत्त्यानं बडवत त्यांच्या शेजारी चालू लागले.

“सूनबाई, जिवाची पर्वा आहे का?”

“आहे ना मामंजी, दोघांच्याही.”

बिबट्या गेला. तेव्हा मला माझ्याच धिटाईचं कौतुक होतं. आता तुझ्या आजोबांचे ते पांढरे ओठच आठवतात. मिशी फुटली म्हणून जीव स्वस्त होतो का गं?

दादाला घेऊन ये लवकर. परात अजून वाजते.