एक जोड उरला

आमच्या घरात कर्मकांड हा शब्द शिवीसारखा वापरला जाई. घर बौद्ध. शेजारून सत्यनारायणाचं आमंत्रण आलं की बाबा नेमके त्याच वेळी सलूनमध्ये जाऊन बसत. अशा घरातली मी जर्मनीत हायडेलबर्गला संशोधनासाठी आले आणि माझी घरमालकीण निघाली चेटकीण. तसं ती स्वतःच सांगायची, आपण पेन्शनर आहोत हे सांगावं इतक्या सहज.

ख्रिस्ती धर्माच्या आधीच्या देवतांना मानणारा, जादूचे विधी करणारा तिचा एक गट होता. त्या वर्षी फेब्रुवारीत तिचा नवरा गेला. तेव्हापासून तिच्या तोंडून त्याचं नाव निघालं नव्हतं. ‘तो’ म्हणायची आणि तिथेच थांबायची. ऑक्टोबरच्या शेवटी गटाचा मृतांना बोलावण्याचा विधी होता. रिंगणात उभं राहून आपल्या माणसाला नावानं हाक मारायची.

“मला जमणार नाही,” ती म्हणाली. “तुम्ही सोबत याल? तुम्हा भारतीयांना विधींची सवय असते.”

सवय कसली डोंबलाची. तिचा चेहरा बघून गेले.

विधी खरा मध्यरात्रीचा. पण जागा म्हणजे शहराबाहेर भाड्यानं मिळणारा बागेचा तुकडा, श्रेबरगार्टन, आणि तिथे रात्री आवाज करायला बंदी. म्हणून मृतांना शनिवारी दुपारी बोलावलं होतं. जाळ करायलाही मनाई, ग्रिलला मात्र परवानगी. तेव्हा पवित्र अग्नी ग्रिलमध्ये पेटला. सॉसेज कधी लावणार, असं शेजारचे आजोबा कुंपणावरून विचारून गेले.

गटाच्या मुख्य बाई एरवी विमा कंपनीत कामाला. त्यांना मी विचारलं, यानं गेलेली माणसं खरंच येतात?

“हे बघा, ते आम्हाला माहीत नाही,” त्या म्हणाल्या. “एरवी जे तोंडातून निघत नाही, त्याला एक वेळ आणि एक जागा ठरवून द्यायची, एवढंच.”

हे बाबांना सांगण्याजोगं होतं.

मग प्रत्येकानं आपल्या मृताची वस्तू वेदीवर, म्हणजे कॅम्पिंगच्या टेबलावर, ठेवली. घरमालकिणीनं पिशवीतून नवऱ्याचे बूट काढले आणि नैवेद्याच्या ब्रेडला खेटून ठेवले.

अन्नाशेजारी बूट! माझी विवेकबुद्धी कुठे गेली देव जाणे, आणि देव तर मी मानतही नाही. मी ते उचलले, गवताच्या कडेला सरळ लावले आणि सवयीनं माझेही काढून शेजारी ठेवले. वळून बघते तर सगळे माझ्याकडे आदरानं बघत होते. “गेनाऊ,” म्हणजे अगदी बरोबर, असं मुख्य बाई पुटपुटल्या आणि वाकून नाड्या सोडू लागल्या. बघता बघता सगळी मंडळी ओल्या गवतात अनवाणी. अहो, याला काही अर्थ नाही, असं मी सांगत होते. ऐकतं कोण?

कुणी आजीला हाक मारली, कुणी भावाला, एकीनं मांजराला. घरमालकिणीची पाळी आली. तिनं तोंड उघडलं, मिटलं. आम्ही थांबलो. माझ्या पायांना मुंग्या आल्या, मग पायच कळेनात. शेवटी तिनं नुसती मान हलवली. विधी पुढे सरकला आणि संपला. मला फार वाईट वाटलं. बाबांचंच खरं, असंही वाटलं.

सगळे बुटांकडे धावले. ज्याचे त्यानं उचलले आणि एक जोड उरला.

“हे कुणाचे?” मुख्य बाईंनी विचारलं, विमा कंपनीच्या सुरात.

घरमालकीण मोजे चढवत होती. मान वर न करता तिनं नवऱ्याचं नाव सांगितलं. मग ते तिच्याच कानांवर पडलं. हातात एक मोजा तसाच धरून ती रडू लागली.

दुसऱ्या दिवशी फोनकार्डावरून बाबांना सगळं सांगितलं.

“थंडीत अनवाणी?” ते म्हणाले. “टेबलावरचे बूट उचललेस ते बरं केलंस.” आणि मग, “आता घेतात का त्या बाई नाव?”

“घेतात. सकाळी तळघराची किल्ली सापडेना, तेव्हा नावानिशी शिव्या घातल्या त्याला.”