न रंगवलेला हिरवा

प्रातो या लोकरी कापडाच्या गावात चिंध्या निवडणाऱ्या बायकांत लोरियाना मान्योल्फीची नजर सगळ्यात तिखट, हे तिचे वैरीसुद्धा कबूल करायचे. जगाने अंगावरून उतरवलेले लोकरी कपडे गासड्यांनी तिच्या गोदामात यायचे. ती अस्तरं फाडायची, गुंड्या तोडायची आणि लोकर रंगारंगाने वेगळी करायची. मग राखाडी इतकी, निळी इतकी, मूठभर पिवळी, असं मिसळून पिंजायला द्यायची. जे सूत निघायचं त्याला रंगाचा थेंब लागत नसे. मी अठरा वर्षं रंगशाळेच्या हौदांवर काढली, कोपरापर्यंत सोललो, डब्यांवरची बारीक अक्षरं वाचत वाचत रसायनं शिकलो आणि मग मालकांशी भांडत सुटलो. म्हणून छातीवर हात ठेवून सांगतो, या बाईने नुसत्या डोळ्यांनी नदीत जाणारं जेवढं विष अडवलं, तेवढं आमच्या सगळ्या मोर्च्यांना मिळून अडवता आलं नाही.

तेराव्या वर्षी ती बापाच्या ढिगाशी बसली. नवराही चिंध्यांच्याच धंद्यातला. तो वारला तेव्हा तिसऱ्या दिवशी हिने गोदाम उघडलं. लोक कुजबुजले, तर म्हणाली, "रडायला रविवार आहे की!"

तीन वर्षांपूर्वी एक योजना आली. छोट्या कापडवाल्यांची घातक रसायनं सोडवायची, जुनं कापडच पुन्हा पुन्हा फिरवायचं, अशी. योजनेच्या डॉक्टर सार्ती नावाच्या बाईंनी तासभर समजावलं. लोरियाना ऐकून घेऊन म्हणाली, "हे माझी आजी करायची. तिला कुणी डॉक्टर म्हटलं नाही मेलं."

पण प्रस्ताव खरा होता. कोट विकणारी एक मोठी कंपनी न रंगवलेल्या जुन्या लोकरीचं कापड घ्यायला तयार होती. विणणार वास्को, त्याचे आठ माग. रंग हवा होता ऑलिव्हच्या पानाच्या मागच्या बाजूचा, चंदेरी हिरवा. आणि प्रयोगशाळेत कापडात बंदी असलेलं काही सापडता कामा नये. पास झालं तर तीन वर्षांचं काम. नाही तर गोदामाला कुलूप, कारण दुसरं गिऱ्हाईक उरलंच नव्हतं, आणि लोरियानासकट पाच बायका घरी. ती कां-कू करत होती. मीच तिला भरीला घातलं.

सहा वेळा मिसळलं, सहा वेळा तिने नाक मुरडलं. सातव्या वेळी ती गोदामाच्या मागच्या खणात शिरली आणि लष्करी हिरव्या ब्लँकेटांची गासडी ओढत आली.

"बराकी बंद झाल्या तेव्हा आमच्या यांनी उचलली होती. तीस वर्षं पडलीत. एक भोक दाखव!"

"कसर लागली नाही?"

"कसरीची काय टाप! वीणच अशी घट्ट आहे, दात पडतील मेलीचे."

मी हसलो. बारीक अक्षरं वाचणारा मी, उभा राहून हसलो.

चौघीजणींनी ती ब्लँकेटं उसवली, फाडली. धूळ उडाली, सगळ्या खोकल्या, लोरियानाने बिनमिठाच्या पावात मोर्तादेल्लाच्या, म्हणजे मांसाच्या, चकत्या घालून सगळ्यांना खाऊ घातलं. कापड विणून आलं तेव्हा वास्को खिडकीशी नेऊन बघतच राहिला. "लोरियाना, झाडाला कळलं तर दावा लावेल तुझ्यावर!"

कापड नापास झालं.

डॉक्टर सार्ती स्वतः आल्या. "कसर मारायचं जुनं औषध सापडलंय. आता बंदी आहे त्यावर."

"मी काही घातलं नाही!"

"तुम्ही नाही. लष्कराने. ब्लँकेटं त्यात मुरवलेली होती."

लोरियाना बाह्या सारत म्हणाली, "मग ब्लँकेटं फेकते. दुसरा हिरवा करते. आठ दिवस द्या."

"एकदा नापास झालं की माल देणारा दोन वर्षं बाद. कंपनीचा नियम आहे."

माझं डोकं फिरलं. "पन्नास वर्षं हिने नदी वाचवली, आणि एका गासडीसाठी बाद? कुठल्या गाढवाचा नियम हा?"

"ओरडा," बाई म्हणाल्या, "पण त्या बायकांनी ती ब्लँकेटं तोंडाला फडकं न बांधता फाडली. तुम्ही तिथेच होतात ना?"

तिथेच होतो. आणि हसलो होतो.

कंपनीने मग नवी लोकर घेतली आणि ती रंगशाळेत रंगवायला दिली. तिथलं प्रत्येक रसायन यादीत, प्रत्येक यादीवर शिक्का, त्यामुळे ते कापड एका झटक्यात पास. विणायचं काम वास्कोकडेच राहिलं, आणि महिन्याभरात तो गोदामात आला. रंग जुळवायला नमुना हवा होता. लोरियानाचाच.

"लाज वाटत नाही?" मी म्हणालो.

"आठ माग आहेत माझे. बंद पडले तर तू पोसणार आहेस?"

लोरियानाने कात्री घेतली आणि तळहाताएवढा तुकडा सरळ रेषेत कापून त्याच्या हातात दिला. "दिवसा जुळवायला सांग. दिव्याखाली हा फसवतो." मग माझ्याकडे वळली. "आणि तू गप्प बस. एवढ्या खटपटीने केलेला रंग आहे, तो तरी कुणी बिघडवू नका."

गोदाम हिवाळ्यात बंद झालं. दोघीजणी कचेऱ्यांच्या फरशा पुसतात, एक मुलीकडे गेली, एकीचा खोकला जात नाही. ब्लँकेटांची उरलेली गासडी पांढरे अंगरखे घातलेली माणसं हातमोजे चढवून घेऊन गेली. लोरियाना दारात उभी राहून बघत होती. तिच्या हातात मोजे नव्हते, आयुष्यात कधी नव्हतेच.

मागच्या मंगळवारी रंगशाळेच्या मागे एक जुनं गटार सापडलं, कुठल्याच शुद्धीकरणाला न जोडलेलं. त्यातलं हिरवट पाणी बाटलीत भरून आधी तिच्याकडेच नेलं, म्हटलं आता तरी ही बाई चिडेल. तिने बाटली खिडकीशी धरली, डोळे बारीक केले.

"पिवळा जास्त पडलाय," म्हणाली, आणि बाटली माझ्या हातात परत दिली.